रशियन शिकू की बर्मीज? पुण्यात राहून कुठली झेपेल?

मुग्धा_कोथरूड:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या. मला एक नवीन भाषा शिकायचीय आणि गाडी रशियन आणि बर्मीज या दोघींपाशी येऊन अडकलीय. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे माहितीय मला.

झालं असं की मी हिंजवडीत आयटीत आहे, मधे हौस म्हणून पालीचा सर्टिफिकेट कोर्स केला. तिथे म्यानमारहून आलेले काही भन्ते होते, ते बुद्धं सरणं म्हणायचे तेव्हा सरणंचं चक्क थरणं व्हायचं, आणि वहीत लिहायचे ती अक्षरं म्हणजे नुसती गोलगोल वेटोळी. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय की ही भाषा आपल्याला यायला पाहिजे, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. पण दादा म्हणतो एवढी मेहनत घेणारच आहेस तर रशियन घे, गावात क्लास आहे, पुस्तकं आहेत, उद्या काही कामाला तरी येईल. जर्मन आणि जपानी सुचवू नका प्लीज, आमच्या मजल्यावर अर्धी पब्लिक तेच करतेय.

नेटवर वाचलं तर एफएसआय म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शाळा आहे, ती दोन्ही भाषांना सारखेच ४४ आठवडे म्हणजे साधारण ११०० तास देते. पण ते सगळं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. मराठी माणसाला कुठली सोपी जाईल हे कोणीच लिहीत नाही. संध्याकाळी तासभर आणि शनिवार-रविवार एवढाच वेळ आहे. पैसे कमवायचेत असं काही नाही, पण मधेच सोडून द्यायला लागू नये एवढंच.


जुना_रानडेकर:
दादाचं ऐक :) मी रशियन केलं ते फर्ग्युसन रोडवर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे तिथे, सर्टिफिकेट मग डिप्लोमा असं चढत गेलो, आता टेक्निकल भाषांतराची कामं करतो. लोक लिपीला घाबरतात ते सगळ्यात फालतू कारण आहे. ३३ अक्षरं, त्यातली काही रोमनसारखी दिसतात आणि फसवतात एवढंच, एका आठवड्यात दुकानाच्या पाट्या वाचायला लागशील.

एफएसआयचं म्हणशील तर तो आकडा आपल्यासाठी खरंच विसर. इंग्रजीवाला रडतो कारण त्याला टेबल पुरुष की बाई हा प्रश्नच कधी पडलेला नसतो. आपल्याला तीन लिंगं जन्मापासून पाठ. ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो म्हणजे तो आला, ती आली, ते आलं, भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. तसंच विभक्तीचं. व मस्क्वे म्हणजे मॉस्कोत, व मस्क्वू म्हणजे मॉस्कोला, इझ मस्क्वी म्हणजे मॉस्कोहून, शब्दाचं शेपूट बदललं की अर्थ बदलला, पुण्यात-पुण्याला-पुण्याहून म्हणणाऱ्याला यात नवल काय. विभक्ती सहाच आहेत, आपण शाळेत आठ पाठ केल्यात. आणि मला थंडी वाजतेय, मला आवडतं, माझ्याकडे आहे, ही जी आपली ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’वाली वाक्यं आहेत ना ती रशियनमधे जवळपास तशीच बसतात, म्न्ये खोलद्न, म्न्ये न्रावित्सा, उ मिन्या येस्त. आमच्या वर्गात हे आलं तेव्हा सगळ्यांनी एकदम अरे असं केलं होतं. अजून एक, चमच्यातला च आणि चहातला च, दोन्ही रशियनमधे वेगवेगळी अक्षरं म्हणून आहेत, हिंदीवाल्यांना पहिला जमत नाही, आपला आयताच तयार.

आता त्रास. विभक्तीचे प्रत्यय लिंग, वचन बघून बदलतात आणि विशेषणालाही लागतात, मोठ्या सुंदर जुन्या शहरात म्हणायचं तर चारही शब्द वाकवायचे. दोन-तीन-चार नंतर नाम एका रूपात आणि पाचपासून पुढे दुसऱ्या रूपात, का ते विचारू नये. आघात कुठल्या अक्षरावर येईल ते छापलेलं नसतं आणि तो हलला की अर्थ हलतो, मू वर जोर दिला तर मूका म्हणजे यातना आणि का वर जोर दिला तर मुका म्हणजे पीठ (मराठी माणसाने इथे हसू नये). पण खरी शाळा घेतात ती क्रियापदं. जवळपास प्रत्येक क्रियापदाची जोडी असते, एक नुसतं चाललेलं काम आणि एक संपवलेलं काम, चिताल आणि प्रचिताल, म्हणजे वाचत होतो आणि वाचून काढलं. आपल्याकडे वाचून काढणं, खाऊन टाकणं असतं त्याने समजायला मदत होते, पण बोलताना योग्य जोडीदार तोंडात यायला फार वेळ जातो. आणि जाणे या एका क्रियापदासाठी पायी की गाडीने, एकदाच की नेहमी, एकाच दिशेने की जाऊन परत, हे सगळं आधी ठरवायचं आणि मग तोंड उघडायचं. मला अजूनही तिथे थांबायला होतं.


पेठेतला_पक्या:
टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात काढून आले, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत १९१६ मधे वारला, इतकं येणंजाणं होऊनसुद्धा पुण्यात बर्मीजचा धड एक क्लास नाही. आणि रशियनचं म्हणाल तर तो रशियन व्यापारी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरला आख्खा पावसाळा काढून गेला. म्हणजे जुन्नरचा पाऊस बघून गेलेल्यांची भाषा घ्यायची की आपल्या लोकमान्यांना कोंडलं त्या गावाची घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी आपला चहा घेतो.


यांगून_रिटर्न:
पक्याशेठ, कोंडलं इंग्रजांनी, बर्मी माणसांचा त्यात काय दोष. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश इंडियातच होता, १९३७ ला वेगळा काढला.

मुग्धा, मी यांगूनला नोकरीला होतो, २०२१ च्या सत्तापालटाच्या आधी, तेव्हा मला बोलण्यापुरती येते, वर्तमानपत्र वाचताना दम लागतो. रानडेकर म्हणतायत तसं विभक्तीचं गणित आपल्याला सोपं असेलही, पण बर्मीजमधे ते गणितच नाहीये हे कोणी तुला सांगत नाही. लिंग नाही, वचनाची भानगड नाममात्र, क्रियापद मी-तू-तो बघून बदलत नाही. थ्वादे म्हणजे जातो, जाते, गेलो, गेली सगळं, थ्वामे म्हणजे जाणार, मथ्वाबू म्हणजे जात नाही किंवा गेलो नाही. संपलं. आणि वाक्याची बांधणी आपलीच, क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे. चनो मंडले-गो थ्वामे, शब्दाला शब्द ठेव, मी मंडालेला जाणार. तू बाई म्हणून चनोच्या जागी चमा म्हणशील, तिथे मात्र बोलणाऱ्याप्रमाणे ‘मी’ बदलतो. भेटल्यावर थमीन सा पी बी ला म्हणतात, म्हणजे जेवण झालं का, आपल्या आज्या विचारतात तेच. काका, मामी, दादा, ताई अशी नाती लावूनच परक्या माणसाशीही बोलायचं, नुसतं नाव घेऊन हाक मारली तर बरं दिसत नाही. आडनाव हा प्रकारच नाही त्यामुळे सरकारी फॉर्म भरताना त्यांची इकडे जी काय फजिती होते ती वेगळीच.

लिपी गोल दिसते, ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान फाटतं म्हणून गोल झाली असं सांगतात, पण आत बघितलंस तर ती आपलीच वर्णमाला आहे. ३३ व्यंजनं, क ख ग घ ङ याच क्रमाने, काना-वेलांटीसारखी चिन्हं व्यंजनाच्या आजूबाजूला. फक्त च ची ओळ ते स सारखी म्हणतात, स ला थ म्हणतात (म्हणून तुझं थरणं), ट ची ओळ आणि त ची ओळ उच्चारात एकच, र चा बऱ्याचदा य. तू पाली केलंयस म्हणजे तुझ्यासाठी खजिना आहे, बरेच जड शब्द पालीतून गेलेले. विद्यापीठाला तक्कथो म्हणतात, ते तक्कसिला म्हणजे आपलं तक्षशिला. शिक्षकाला सया, ते आचरिय. नमस्कारासाठी मिंगलाबा, त्यात मंगल लपलंय. विपश्यनेचं विपत्थना. लिहिलेलं वाचलंस की लगेच ओळखशील, कानाने मात्र कधीच ओळखणार नाहीस.

आता वाईट बातमी. जसं लिहितात तसं बोलत नाहीत, स्पेलिंग जुन्या काळचं राहिलं आणि जीभ पुढे निघून गेली. शब्दांमधे जागा सोडत नाहीत, वाक्याच्या तुकड्यांमधे सोडतात, त्यामुळे शब्द कुठे संपला हे शब्द येत असल्याशिवाय कळत नाही. बोलण्याची भाषा वेगळी आणि लिखाणाची वेगळी, आपलं इथे आणि येथे सोड, तिथे प्रत्ययच्या प्रत्यय वेगळे, बोलताना वाक्य ‘दे’ने संपतं तेच छापताना ‘थी’ने. आणि सूर. खा हे अक्षर खालच्या सुरात म्हटलं तर हलवणे, उंच लांब म्हटलं तर कडू, आणि घशात चिमटून सोडलं तर सेवा करणे, शिवाय चौथा प्रकार झटक्यात तोडायचा तो वेगळाच. मला हे पुस्तकातून अजिबात आलं नाही, बाजारात भाज्या घेऊन घेऊन आलं.

आणि तुला भन्तेंशी बोलायचंय म्हणून खास सांगतो, त्यांच्याशी बोलायची भाषा अजून वेगळी असते. आपण जेवतो त्याला सा, पण भिक्खू जेवतात त्याला दुसरं क्रियापद, झोपतात त्यालाही दुसरं. स्वतःला चमा न म्हणता शिष्य अशा अर्थाचा शब्द वापरायचा. माणसं मोजताना लावायचा शब्द वेगळा आणि भिक्खू मोजताना वेगळा. म्हणजे तुला बोलण्याच्या दोन तऱ्हा शिकायला लागणार, पण त्यांना इतका आनंद होईल ना की चुका कोणी मोजणार नाही.


स्वर_साधक:
सूर काही अवघड नाहीत हो, आपण लहानपणापासून गाणं ऐकतो, ज्याला षड्ज कळतो त्याला तीन-चार टोन काय जड आहेत. मुग्धा तू गाणं शिकलीयेस का? मग डोळे झाकून बर्मीज घे.


यांगून_रिटर्न:
@स्वर_साधक, नाही जमत हो ते असं. चिनी भाषेत सूर मुख्यतः पट्टीचा असतो, बर्मीजमधे पट्टीबरोबर आवाजाची जातही बदलते. तो तिसरा सूर म्हणजे आवाज घशात आवळून, करकरीत करून सोडायचा असतो, गाणाऱ्याला तर उलट तसा आवाज काढू नको असंच शिकवलेलं असतं. आमच्यातला एक चांगला गाणारा होता, त्याचा कान पटकन बसला पण गळा सगळ्यात उशिरा. हां, आपल्याकडचं म्हैस आणि न्हाणीघर कामाला येतं, त्यांच्याकडे म, न, ल च्या आधी श्वास सोडून म्हणायचे आवाज आहेत, अगदी तेच नाहीत पण इंग्रजीवाल्यापेक्षा आपण बरेच जवळ.


चिंचवडची_आई:
मुग्धा बाळ, मी भाषेतली तज्ज्ञ वगैरे नाही, माझा मुलगा रशियात एमबीबीएस करतोय त्यामुळे जे बघितलंय ते सांगते. कॉलेज इंग्लिश मिडीयम आहे, आपल्या मेडिकल कमिशनचा नियमच आहे तसा, त्यामुळे सुरुवातीला मुलं रशियनकडे ढुंकून बघत नाहीत. मग तिसऱ्या वर्षी हॉस्पिटलात जायची वेळ आली की पेशंट आजीबाई काय इंग्लिश बोलणार, कुठे दुखतंय ते रशियनमधेच सांगणार, तेव्हा सगळ्यांची पळापळ. माझा मुलगा म्हणतो बाजारात दोन वाक्यं नीट बोललं की तीच माणसं एकदम वेगळी वागायला लागतात. आणि नुसत्या रशियापुरती नाही गं, कझाकस्तान, किर्गिझस्तानलाही चालते, आम्ही अल्माटीला गेलो तेव्हा टॅक्सीवाल्याशी त्यानेच सगळं बोलणं केलं, भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही. तुला फिरायचं असेल तर हा विचार कर. म्यानमारला आत्ता कोणी आईवडील पाठवतील असं मला वाटत नाही.


मुग्धा_कोथरूड:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू. काकू, तुमचा मुद्दा पटला, आईपण हेच म्हणाली. यांगून दादा, तुम्ही लिहिलंय ते वाचून बर्मीजची हौस कमी व्हायच्या ऐवजी वाढली, पण तिकडे जाता येणार नसेल आणि इथे क्लास नसेल तर शिकायची कशी? आणि रानडेकर काका, खरं सांगा, पुण्यात रशियनला कामं आहेत का की दादा उगाच ठोकतोय?


जुना_रानडेकर:
काका नको म्हणूस, केस अजून आहेत. खरं सांगायचं तर जर्मन-जपानीइतकी कामं नाहीत, अजिबात नाहीत, इथे गाड्यांचे कारखाने त्यांचे आहेत त्यामुळे तुलना करूच नको. रशियनची कामं ठराविक जागी असतात. लोहगाववरून सुखोई उडतात, नाशिकला एचएएलच्या विमान कारखान्यात बनल्या, तिकडे कुडनकुलमचा अणुप्रकल्प, या सगळ्यामागे कागद रशियन असतो आणि तो कोणीतरी वाचायचा असतो, पण ती कामं तुला घरबसल्या मिळतील असं समजू नकोस. खडकवासल्याला एनडीएतसुद्धा कॅडेट्सना रशियन शिकवतात. २०२२ नंतर युक्रेन युद्धामुळे पैसे पाठवण्या-आणण्याची जी बोंब झालीये त्यामुळे छोट्या कंपन्यांची थेट कामं मला तरी कमी झालेली दिसतात. तर दादाला सांग, कामाला येईल पण पोट त्याच्यावर अवलंबून ठेवू नको.

परीक्षा द्यायची असेल तर रशियन सरकारची टॉर्फल असते, त्यातली पहिली पातळी पार केली की तिथल्या विद्यापीठात पदवीला प्रवेश घेण्याइतकी भाषा आली असं धरतात. अशी शिडी असली की माणूस टिकतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय. आणि मुंबईला पेडर रोडवर रशियन हाउस म्हणजे त्यांचं सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे चक्कर टाक एकदा.


यांगून_रिटर्न:
मुग्धा, दादा म्हटलंस म्हणून थोडं परखड सांगतो. बर्मीज पुण्यात शिकायची तर क्लास शोधत फिरू नकोस. दिल्लीला संरक्षण खात्याची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस आहे तिथे शिकवतात पण तुझा काही उपयोग नाही त्याचा. ड्युओलिंगोवर रशियन आहे, बर्मीज नाही. तुला ऑनलाइन शिक्षक धरायला लागेल, आणि आता यांगूनमधे किंवा थायलंडमधे बसलेल्या किती तरी चांगल्या शिक्षकांना अशा शिकवण्यांची गरजही आहे, देशात काय चाललंय ते बघतेसच, आधी सत्तापालट, मग यादवी, वर २८ मार्च २०२५ चा मंडाले-सागाईंगचा भूकंप. लंडनच्या सोआस विद्यापीठातले जॉन ओकेल यांचा कानाने शिकायचा ऑडिओ कोर्स फुकट उतरवता येतो, तो आधी कर, लिपीला नंतर हात लाव, उलटं केलंस तर पाली वाचायच्या सवयीने सगळे उच्चार चुकीचे बसतील आणि मग ते सुटत नाहीत.

मिझोराममधे म्यानमारचे लोक आलेत तिकडे सराव होईल असं कोणी सांगितलं तर विचारून बघ, त्यातल्या बहुतेकांची घरची भाषा चिन गटातली आहे, बर्मीज त्यांना शाळेमुळे येते.

आणि तुझ्याकडे जे आहे ते बाकी कोणाकडे नाही, समोर बसलेले भन्ते. ते पुण्यात आहेत तोवर आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जा, पालीचा एखादा उतारा घे आणि त्याचा अर्थ बर्मीजमधे सांगायला लाव. ओळीला ओळ पाली आणि बर्मीज लावून शिकवायची त्यांच्या विहारांमधे जुनी पद्धतच आहे, त्यांना काही वेगळं करावं लागणार नाही.


जुना_रानडेकर:
हे मात्र मान्य. माणूस समोर असेल तर मी पण तीच घेतली असती. पण ते कोर्स संपवून परत गेले की काय करणार, ते आत्ताच ठरव. रशियन दोन वर्षांनीही तिथेच असेल.


मुग्धा_कोथरूड:
त्यातले एक जण पीएचडीला थांबतायत, बाकीचे पुढच्या वर्षी जातील. मग बर्मीजच सुरू करते, रशियनचं प्रवेशाचं बघू नंतर, दादाला कळवलंय, तो रुसलाय. एक शेवटचं, मोबाईलवर टाइप कसं करायचं? भन्तेंनी पाठवलेला एक जुना मेसेज उघडला तर सगळी अक्षरं उलटीपालटी, स्वर भलतीकडेच.


यांगून_रिटर्न:
तो झॉजी फाँटमधला असणार. पूर्वी सगळा देश झॉजी वापरायचा, ते युनिकोड (जगभर सगळ्या फोनवर चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नव्हतंच, १ ऑक्टोबर २०१९ पासून सरकारने अधिकृतपणे युनिकोडवर आणलं, पण जुने मेसेज, जुन्या फेसबुक पोस्टी आणि काही जणांचे फोन अजून तसेच आहेत. तू फोनच्या कीबोर्डमधे भाषा वाढव आणि बर्मीज युनिकोड निवड, झॉजीचा पर्याय दिसला तरी घेऊ नको. जुना मजकूर वाचायला कन्व्हर्टर मिळतात, त्यात पेस्ट केलं की सरळ होतो. आणि फेसबुकवर शोधाशोध करत बसू नको, तिथे ते २०२१ पासून बंद केलंय, लोक व्हीपीएन लावून येतात, त्यामुळे उत्तर यायला कधी कधी दोन दोन दिवस लागतात.